पासकी बनवा म्हणतात, पण ती ठेवायची कुठे? पासवर्डमधून बाहेर पडायची सगळी प्रोसेस

हल्ली कुठल्याही मोठ्या साइटवर लॉगिन केलं की लगेच एक चौकट पुढ्यात येते, 'पासकी बनवा, पुढच्या वेळी पासवर्ड टाकायची गरज नाही', आणि आपण एकतर 'नंतर' दाबतो नाहीतर घाईघाईत बोट टेकवून मोकळे होतो. बोट टेकवलं असेल तर पासकी बनली, चांगलंय, पण ती नेमकी कुठे जाऊन बसली? फोनमधे? गूगल अकाउंटमधे? लॅपटॉपच्या आत? बऱ्याच जणांना हे सांगता येत नाही, आणि मग फोन बदलला किंवा लॅपटॉप फॉरमॅट मारला की शोधाशोध सुरू होते. पासकीबद्दलच्या तक्रारी वाचल्या तर त्यातल्या बहुतेक इथूनच येतात. म्हणून हा लेख जरा उलट्या क्रमाने लिहिलाय, आधी जागा ठरवायची, मग ती जागा पक्की करायची, आणि 'बनवा' हे बटण त्यानंतर.

पासकी म्हणजे काय, थोडक्यात

पासवर्ड म्हणजे एकच गुपित, ते तुमच्याकडे पण असतं आणि हॅश करून (म्हणजे सरळ वाचता येणार नाही अशा रूपात) का होईना पण साइटच्या सर्व्हरवर पण असतं, दोन्हीपैकी कुठूनही फुटलं की खेळ खल्लास. पासकीत तुमचं डिव्हाइस प्रत्येक साइटसाठी दोन कींची एक नवी जोडी बनवतं, पब्लिक की साइटला जाते आणि प्रायव्हेट की तुमच्याकडेच राहते. लॉगिन करताना साइट एक रँडम मजकूर पाठवते, डिव्हाइस प्रायव्हेट कीने त्यावर सही करून परत पाठवतं, साइट पब्लिक कीने ती सही तपासते, झालं. उद्या त्या साइटचा डेटाबेस चोरीला गेला तरी चोराच्या हाती फक्त पब्लिक की लागणार, तिने लॉगिन होत नाही.

एक गैरसमज फार पसरलाय की आपला बोटाचा ठसा किंवा चेहरा साइटला जातो. अजिबात नाही. ठसा फक्त तुमच्या डिव्हाइसला सांगतो की 'मीच आहे, कर सही', तो डिव्हाइसबाहेर पडतच नाही. ठसा द्यायचा नसेल तर फोनचा पिन किंवा पॅटर्न चालतो.

खरा फायदा फिशिंगच्या, म्हणजे खोटी साइट दाखवून लॉगिन चोरण्याच्या, बाबतीत आहे. पासकी साइटच्या डोमेनला बांधलेली असते. खोटी साइट कितीही हुबेहूब बनवली, अड्रेसमधे एकच अक्षर इकडचं तिकडे केलं, तरी ब्राउझर तिथे ती पासकी पुढे करणारच नाही. तुम्ही फसलात तरी ब्राउझर फसत नाही. हे बांधणं किती कडक आहे ते ऑक्टोबर २०२५ मधे एक्सच्या बाबतीत दिसलं, ट्विटर डॉट कॉम हे जुनं डोमेन बंद करायचं म्हणून त्यांनी सिक्युरिटी की (लॉगिनसाठी यूएसबीत लावायची छोटी वस्तू) आणि पासकी वापरणाऱ्यांना १० नोव्हेंबरच्या आत नव्या डोमेनसाठी पुन्हा नोंदणी करायला सांगितलं, कारण जुन्या नोंदी जुन्या डोमेनलाच चिकटलेल्या होत्या.

तसं हे तंत्र फार नवीन नाहीये. पासकी ज्याच्यावर चालते ते वेबऑथन हे स्टँडर्ड मार्च २०१९ मधेच पक्कं झालं होतं, पण तेव्हा मुख्य भर यूएसबी कीवर किंवा एकाच लॅपटॉपमधे अडकलेल्या कीवर होता, ती हरवली की गेली. मे २०२२ मधे अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र जाहीर केलं की फिडो अलायन्सच्या (पासवर्डशिवाय लॉगिनचे नियम ठरवणारी कंपन्यांची संघटना) या पद्धतीला सगळीकडे सपोर्ट देऊ, आणि त्यातला महत्त्वाचा बदल होता सिंक, म्हणजे प्रायव्हेट की एका डिव्हाइसमधे न अडकता तुमच्या अकाउंटबरोबर फिरणार. मग सप्टेंबर २०२२ ला आयओएस १६, डिसेंबर २०२२ ला क्रोम १०८, मे २०२३ मधे गूगल अकाउंट, ऑक्टोबर २०२३ ला अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप, मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टचं पर्सनल अकाउंट असं एकेक करत सगळे आले. मे २०२५ पासून तर मायक्रोसॉफ्टचं नवीन अकाउंट मुळातच पासवर्डशिवाय उघडतं. सिंक आला म्हणून सोय झाली, आणि सिंक आला म्हणूनच 'कोणाच्या सिंकमधे ठेवू' हा प्रश्नही आला.

पायरी १: आपल्याकडे काय काय आहे ते लिहून काढा

खरंच लिहा, डोक्यात नको. कुठला फोन, कुठला कॉम्प्युटर, कुठला ब्राउझर, टॅब असेल तर तो, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो वेगळा. ऑफिसच्या लॅपटॉपवर पर्सनल अकाउंटची पासकी बनवू नका, तो एक दिवस परत द्यायचाय. बाकी यादी झाली की बघा, सगळं एकाच कंपनीचं आहे का सरमिसळ आहे. पुढचा सगळा निर्णय यावरच ठरतो.

पायरी २: जागा ठरवा

इथे वेळ काढा, पुढच्या सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा वेळ लागेल तेवढा इथे गेला तरी हरकत नाही.

सगळं अ‍ॅपलचं असेल, आयफोन आणि मॅक, तर फार विचार करू नका, अ‍ॅपलचं पासवर्ड्स अ‍ॅप वापरा. आयओएस १८ पासून ते वेगळं अ‍ॅप झालंय, आधी सेटिंग्जमधे लपलेलं होतं. आयक्लाउड कीचेनमधून सगळ्या डिव्हाइसवर सिंक होतं, एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधे कंपनीलाही वाचता येत नाही, फक्त अ‍ॅपल अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू पाहिजे.

अँड्रॉइड फोन आणि कॉम्प्युटरवर क्रोम असं असेल तर गूगल पासवर्ड मॅनेजर. पूर्वी इथे एक मोठी अडचण होती, गूगलच्या पासकी फक्त अँड्रॉइडवर सेव्ह व्हायच्या आणि कॉम्प्युटरवर वापरायच्या तर दर वेळी फोन काढून क्यूआर स्कॅन करा. सप्टेंबर २०२४ मधे ते बदललं, आता विंडोज, मॅक, लिनक्सवरच्या क्रोममधेही थेट सेव्ह होतात आणि सिंक होतात. त्यासाठी एक गूगल पासवर्ड मॅनेजर पिन लावावा लागतो किंवा तुमच्या अँड्रॉइडचा स्क्रीन लॉक चालतो. हा पिन गूगल अकाउंटच्या पासवर्डपेक्षा वेगळा आहे, गोंधळ करू नका, आणि तो कुठेतरी लिहून ठेवा कारण नवीन कॉम्प्युटरवर पहिल्यांदा तोच मागतात.

सरमिसळ असेल, म्हणजे आयफोन आणि विंडोज, किंवा अँड्रॉइड आणि सफारीवाला मॅक, किंवा तुम्ही फायरफॉक्सवाले असाल, तर माझं मत सरळ आहे, वेगळा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड आणि पासकी साठवणारं स्वतंत्र अ‍ॅप, घ्या. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, प्रोटॉन पास, यातला जो आवडेल तो. फायरफॉक्स स्वतः पासकी साठवत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे किंवा एक्सटेन्शनकडे काम ढकलतो, त्यामुळे तिथे मॅनेजरचं एक्सटेन्शन असलं की प्रश्नच मिटतो. फोनवर असे बाहेरचे मॅनेजर पासकीसाठी चालायला आयओएस १७ किंवा अँड्रॉइड १४ तरी पाहिजे, त्याच्या आतलं व्हर्जन असेल तर हा पर्याय विसरा.

विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजचं स्वतःचं ठसा, चेहरा किंवा पिनचं लॉगिन, हा चौथा प्रकार, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. विंडोजवर तुम्ही काही न बदलता 'सेव्ह' म्हणालात तर बऱ्याचदा पासकी त्या एकाच कॉम्प्युटरच्या आत जाते, सिंक वगैरे काही नाही. विंडोज नव्याने टाकलं की पासकी गायब. नोव्हेंबर २०२५ पासून विंडोज ११ मधे बाहेरचे मॅनेजर थेट सिस्टीममधे जोडता यायला लागलेत आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सिंक होणारा पर्यायही एजमधे आलाय, त्यामुळे चित्र सुधारतंय, पण तुमची चौकट नक्की काय म्हणतेय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोज हॅलोतली पासकी ही जास्तीची म्हणून उत्तम, एकमेव म्हणून वाईट. आधीच कुठल्या बनल्यात ते सेटिंग्जमधे अकाउंट्स, मग पासकीज इथे दिसतं.

राहिली हार्डवेअर की, म्हणजे वर आलेली यूएसबीत लावायची सिक्युरिटी की, यूबिकी वगैरे. ही सिंक होत नाही, कॉपी होत नाही, म्हणून सगळ्यात कडक. पण जागा मोजकी असते, यूबिकी ५ मधे जुन्या फर्मवेअरवर (कीच्या आतलं सॉफ्टवेअर) २५ पासकी आणि ५.७ पासून १००, आणि फर्मवेअर नंतर अपडेट करता येत नाही, घेताना जे असेल तेच. घ्यायची तर दोन घ्या, एक वापरायची, एक दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवायची. सगळ्यांना याची गरज नाही, पण मुख्य ईमेलसाठी असली तर झोप चांगली लागते.

जागा ठरली की ती फोनला आणि ब्राउझरला सांगा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, ऑटोफिल अँड पासवर्ड्स, तिथे आपला मॅनेजर चालू करा आणि बाकीचे बंद. अँड्रॉइडवर प्रत्येक कंपनीने हे वेगळ्या मेनूत टाकलंय म्हणून सेटिंग्जच्या सर्चमधे 'पासवर्ड' टाइप करा, 'पासवर्ड्स, पासकीज अँड अकाउंट्स' किंवा तत्सम काहीतरी सापडेल, त्यात आपलाच मॅनेजर मुख्य म्हणून निवडा. कॉम्प्युटरवर मॅनेजरचं एक्सटेन्शन टाकलं असेल तर ब्राउझरचा स्वतःचा 'पासवर्ड सेव्ह करू का' हा पर्याय बंद करा, नाहीतर दोघं भांडतात आणि अर्ध्या पासकी इकडे अर्ध्या तिकडे होतात. मॅकवर क्रोम वापरणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या, तिथे आयक्लाउड कीचेन आणि गूगल असे दोन्ही दावेदार असतात.

पायरी ३: मॅनेजरची परतीची वाट तयार ठेवा

ही पायरी सगळे गाळतात कारण कंटाळवाणी आहे. पण विचार करा, सगळ्या पासकी मॅनेजरमधे, मॅनेजरचं लॉगिन ईमेलवर अवलंबून, आणि ईमेलची पासकी पुन्हा त्याच मॅनेजरमधे. फोन हरवला की तुम्ही गोल गोल फिरत बसणार. हे चक्र कुठेतरी कागदावर तोडायचं.

गूगल असेल तर अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन बॅकअप कोड काढा, आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, प्रिंट करा किंवा हाताने लिहा. रिकव्हरी फोन आणि ईमेल चालू आहेत ना तेही बघून घ्या, कितीतरी लोकांचा तिथे कधीच बंद झालेला नंबर असतो. अ‍ॅपल असेल तर एखाद्या विश्वासातल्या माणसाला रिकव्हरी कॉन्टॅक्ट करा. बिटवॉर्डनसारखं काही असेल तर मास्टर पासवर्ड विसरला तर कंपनी काढून देत नाही, देऊच शकत नाही, म्हणून तो आणि टू-फॅक्टरचा रिकव्हरी कोड दोन्ही कागदावर. वनपासवर्डला वर एक सीक्रेट की असते, तिचं इमर्जन्सी किट प्रिंट करा. हे सगळं फोटो काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवायचं नाही, सांगायची गरज नाही पण सांगतो.

आणि फोनचा स्क्रीन लॉक. पासकी आल्यावर फोनचा पिन हाच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा पासवर्ड होतो, तो १२३४ असेल किंवा गर्दीत कोणी बघत असताना टाकत असाल तर सगळ्या क्रिप्टोग्राफीचा काही उपयोग नाही. निदान सहा आकडी करा. आयफोनवर आयओएस १७.३ पासून स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आहे, ते चालू केलं की ओळखीच्या जागेबाहेर असताना सेव्ह केलेले पासवर्ड आणि पासकी फक्त चेहऱ्याने किंवा ठशाने उघडतात, नुसत्या पिनने नाही. अँड्रॉइड १५ पासून काही फोनवर आयडेंटिटी चेक नावाने असंच काहीतरी मिळतं. असेल तर चालू करा.

पायरी ४: पहिली पासकी

लगेच मुख्य ईमेलवर जाऊ नका. एखादं कमी महत्त्वाचं अकाउंट घ्या, जे गेलं तरी चालेल, आणि त्यावर पूर्ण चक्र एकदा करून बघा.

साइटवर लॉगिन करा, सेटिंग्जमधे सिक्युरिटी किंवा साइन-इनचा भाग शोधा, तिथे 'पासकीज' असेल. 'क्रिएट' दाबा. आता जी चौकट येते ती नीट वाचा, सगळ्या लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा. चौकटीत कुठेतरी लिहिलेलं असतं की ही पासकी कशात सेव्ह होणार, आयक्लाउड कीचेन, गूगल पासवर्ड मॅनेजर, विंडोज हॅलो की अजून काही. तुम्ही ठरवलेलं नाव दिसत नसेल तर बोट टेकवू नका, खाली 'दुसऱ्या डिव्हाइसवर सेव्ह करा' किंवा 'इतर पर्याय' अशी बारीक अक्षरातली लिंक असते, तिच्यावर जा आणि बरोबर जागा निवडा. बनल्यावर साइट नाव द्यायला सांगत असेल तर 'माझी पासकी' असलं काही लिहू नका, 'बिटवॉर्डन' किंवा 'काळी यूबिकी' असं जागेचं नाव द्या, नंतर पाच पासकींच्या यादीतून नेमकी एक उडवायची वेळ आली की याचा उपयोग कळतो.

मग तपासा. असलेल्या विंडोमधून लॉगआउट करू नका, ती तशीच उघडी राहू दे, प्रायव्हेट विंडो उघडून तिथे लॉगिन करा. युजरनेमच्या डब्यात क्लिक केलं की खाली पासकी सुचवली जाते, तिच्यावर क्लिक, ठसा, आत. मग तेच दुसऱ्या डिव्हाइसवर करून बघा, सिंक खरंच झालाय ना. दुसऱ्या डिव्हाइसवर दिसली नाही तर समजा ती चुकीच्या जागी गेलीय, साइटवरून ती काढा आणि परत बनवा, अजून काही बिघडलेलं नाही.

हे जमलं की क्रम असा ठेवा: मुख्य ईमेल, मग जिथे तुमचं कार्ड सेव्ह आहे अशा साइट, मग सोशल मीडिया, बाकी सावकाश, जेव्हा जेव्हा साइट स्वतः विचारेल तेव्हा. एका रात्रीत सगळं बदलायला बसू नका.

गूगलचं सांगायचं तर अकाउंट, सिक्युरिटी, पासकीज अँड सिक्युरिटी कीज असा रस्ता आहे. तिथे गेल्यावर काही जणांना दिसेल की तुमच्या अँड्रॉइड फोनच्या नावाने पासकी आधीच बनलेली आहे, घाबरू नका, अँड्रॉइड ते आपोआप करतं. जुने विकलेले फोन त्या यादीत दिसले तर मात्र आत्ताच काढा.

व्हॉट्सॲपमधे सेटिंग्ज, अकाउंट, पासकीज. इथली पासकी रोज लागत नाही, नवीन फोनवर व्हॉट्सॲप चालू करताना एसएमएसच्या ओटीपीऐवजी वापरता येते. ऑक्टोबर २०२५ मधे त्यांनी चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शनही पासकीने करायची सोय जाहीर केली, ६४ आकडी की सांभाळण्यापेक्षा हे खूपच बरं, पण मग पासकीची जागा पक्की असणं अजून गरजेचं, कारण इथे की गेली तर बॅकअपही उघडणार नाही.

पायरी ५: महत्त्वाच्या अकाउंटला दुसरी पासकी

एका अकाउंटला अनेक पासकी ठेवता येतात, बहुतेक मोठ्या साइट हे देतात. मुख्य ईमेलला दोन वेगळ्या जागांमधे तरी ठेवा, म्हणजे एक मॅनेजरमधे आणि एक हार्डवेअर कीवर, किंवा एक मॅनेजरमधे आणि एक विंडोज हॅलोत. त्याच मॅनेजरमधे दोन ठेवून काही फायदा नाही. बाकीच्या अकाउंटना एक पुरे, कारण ईमेल हातात असला की बाकी सगळं परत मिळवता येतं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं असेल तर

इथे क्यूआर कोड वापरायचा. साइटवर पासकीने लॉगिन निवडा, 'फोन किंवा टॅबलेट वापरा' असा पर्याय येईल, क्यूआर दिसेल, फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, फोनवर ठसा द्या, तिकडे लॉगिन होईल. दोन्हीकडे ब्लूटूथ चालू पाहिजे आणि दोन्हीकडे इंटरनेट पाहिजे. पेअरिंग करायची गरज नाही, ब्लूटूथ फक्त एवढंच बघतो की फोन खरंच त्या कॉम्प्युटरजवळ आहे, म्हणजे कोणी लांबून तुम्हाला क्यूआर पाठवून फसवू नये. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतं, तिथे हे चालणार नाही. आणि लॉगिन झाल्यावर 'या कॉम्प्युटरवर पासकी बनवू का' असं विचारलं तर ठाम नाही. काम झालं की लॉगआउट.

पायरी ६: जुन्या वाटा बंद करा

पासकी बनवली म्हणून पासवर्ड जात नाही, बहुतेक साइटवर तो मागे तसाच राहतो, आणि चोर पासकीच्या वाटेला जाणारच नाही, तो 'दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा' दाबेल आणि तुमचा तो दहा ठिकाणी वापरलेला जुना पासवर्ड टाकेल. म्हणून पासकी बनवल्यावर तिथला पासवर्ड बदलून मॅनेजरकडून लांबलचक रँडम करून घ्या, तुम्हाला तो लक्षात ठेवायचा नाहीये. साइट पासवर्ड पूर्ण काढून टाकू देत असेल, मायक्रोसॉफ्ट देतं, तर आधी पायरी ५ झाली आहे ना बघा, मग काढा.

एसएमएस ओटीपी हा सगळ्यात कच्चा दुवा. सिम स्वॅप करून नंबर दुसऱ्याच्या हातात गेला की ओटीपीही गेला. साइट ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा बॅकअप कोड देत असेल तर ते ठेवून एसएमएस काढा. काही साइट काढूच देत नाहीत, मग इलाज नाही, निदान सिमला पिन लावा, त्याने सिम स्वॅप थांबत नाही पण चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमधे चालत नाही.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. पासकी लॉगिनच्या दाराशी काम करते, त्यानंतर ब्राउझरमधे जी कुकी, म्हणजे 'हा आधीच लॉगिन झालाय' अशी नोंद, राहते तिला पासकीचं संरक्षण नाही. फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यातून इन्फोस्टीलर, म्हणजे लॉगिनची माहिती चोरणारा प्रोग्रॅम, आला तर तो थेट कुकीच उचलतो आणि लॉगिन न करताच तुमच्या अकाउंटमधे शिरतो. क्रोमवाले सेशन त्या त्या डिव्हाइसला बांधून ठेवायच्या तंत्रावर काम करतायत, पण ते सगळीकडे येईपर्यंत नको तिथून एक्सटेन्शन आणि इन्स्टॉलर उतरवू नका, आणि संशय आला तर सिक्युरिटीत जाऊन 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा.

फोन बदलताना, हरवल्यावर, मॅनेजर बदलताना

फोन बदलताना सिंक होणारी जागा निवडली असेल तर फारसं काही करावं लागत नाही, नव्या फोनवर त्याच अकाउंटने साइन-इन करा, जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा मॅनेजरचा पिन मागतील तो द्या, पासकी येतील. जुना फोन पुसायच्या आधी नव्या फोनवरून दोनतीन साइटवर खरंच लॉगिन करून बघा.

हरवला तर आधी दुसऱ्या डिव्हाइसवरून तो लॉक करा किंवा पुसा, मग मुख्य ईमेलच्या यादीतून त्या फोनची पासकी काढा. सिंक झालेली पासकी असेल तर ती सगळ्या डिव्हाइसवर एकच असते, ती साइटवरून काढली तर तुमच्या बाकी डिव्हाइसवरही चालणार नाही, म्हणून आधी नवीन बनवा मग जुनी काढा. फोनला लॉक चांगला होता तर एवढी घाई करायची गरजही नसते.

मॅनेजर बदलणं हा अजून दुखरा भाग. पासवर्ड सीएसव्ही फाइलमधून एक्सपोर्ट होतात, पासकी त्यात येत नाहीत, आणि फाइल बघून सगळं आलं असं वाटतं. फिडो अलायन्सने यासाठी मॅनेजर ते मॅनेजर थेट पाठवायचा फॉरमॅट तयार केलाय, सप्टेंबर २०२५ ला आलेल्या आयओएस २६ मधे अ‍ॅपलने तो घेतला, त्यामुळे सपोर्ट असलेल्या दोन अ‍ॅपमधे पासकीसकट सगळं हलवता येतं. बिटवॉर्डनच्या जेसन एक्सपोर्टमधे पासकी येतात, पण ती फाइल एन्क्रिप्टेड काढा आणि काम झालं की उडवा. तुमच्या मॅनेजरमधे यातलं काहीच नसेल तर एकच उपाय, दर साइटवर जाऊन नव्या मॅनेजरमधे नवीन पासकी बनवायची, आणि ती सगळी संपेपर्यंत जुना मॅनेजर काढायचा नाही. कंपन्या आपले बेत बदलतात हेही लक्षात असू द्या, मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमधे सेव्ह केलेले पासवर्ड ऑगस्ट २०२५ पासून त्या अ‍ॅपमधे दिसायचेच बंद झाले, आधी सूचना येत होत्या पण सूचना वाचतो कोण.

नेहमीच्या अडचणी

पासकी सुचवलीच जात नाही: बहुतेक वेळा मॅनेजर लॉक झालेला असतो किंवा तुम्ही दुसऱ्या ब्राउझर प्रोफाइलमधे असता. ते नसेल तर अड्रेस बघा, लिंकवरून आला असाल तर ती साइटच खोटी असू शकते, आणि अशा वेळी पासवर्ड शोधून हाताने टाकणं हीच सगळ्यात मोठी चूक.

अ‍ॅपमधल्या छोट्या ब्राउझरमधे, म्हणजे सोशल मीडियात लिंक दाबल्यावर आतच उघडणाऱ्या पानात, पासकी नेहमी चालत नाही. 'ब्राउझरमधे उघडा' करा.

पासकी देऊनही ओटीपी मागतात: ती साइटची पॉलिसी, तुमच्याकडे काही बिघाड नाही. तांत्रिकदृष्ट्या गरज नसते पण काही जण मागतात.

लिनक्सवर सिस्टीमची स्वतःची सोय नाही, क्रोममधलं गूगल पासवर्ड मॅनेजर, मॅनेजरचं एक्सटेन्शन, हार्डवेअर की किंवा फोनचा क्यूआर यापैकी काहीतरी लागेल.

'पासकी ओळखली नाही' असा एरर येतो: साइटवरून काढलेली पासकी मॅनेजरमधे अजून पडून असते, तीच निवडली जाते. दोन्हीकडून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम १३२ पासून साइटला मॅनेजरला कळवता येतं की अमुक पासकी आता मेली, पण सगळ्या साइट अजून कळवत नाहीत, तोवर मॅनेजर उघडून ती हातानेच उडवा. उलटं कधी करू नका, म्हणजे साइटवर चालू असलेली पासकी फक्त मॅनेजरमधून डिलीट करायची, कारण साइट तुमच्याकडे तीच मागत राहणार आणि तुमच्याकडे ती नसणार.